एक साल ठेवून

"झाडपाल्याचंच तर आहे, त्यानं काय होतंय?" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. आमच्या कॉलनीतल्या बायका दुपारी जमल्या की पुड्यांची देवाणघेवाण चालते. गुडघ्यांसाठी ही, साखरेसाठी ती, पोट साफ व्हायला आणखी एक. मी लगेच विचारायला लागते: याचं नाव काय? किती जुनं आहे? ज्यांना देणार त्यांना आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत? पोटुशी बाई तर नाही ना घरात? त्या मला हवालदारीण म्हणतात. म्हणू देत. मी एकदा एका माणसाला साल उकळून दिली होती आणि तो मरता मरता वाचला, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि लग्नाला तीन महिने झाले होते. जालना वेगळा जिल्हा होऊन सात-आठ वर्षं उलटली होती. माझं माहेर पिंपळगाव रेणुकाईचं, सासर टेंभुर्णीचं. नवरा जालन्याला बियाण्यांच्या एका गोदामात कारकून होता, आठवड्याला घरी यायचा. तिथं खोली मिळेपर्यंत मी सासू-सासऱ्यांपाशी राहणार, असं ठरलं होतं. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत होते आणि सासऱ्यांना मामा.

मामांना हृदयाचा त्रास होता. जालन्याच्या डॉक्टरांनी दोन गोळ्या लावून दिल्या होत्या. हृदयाची बारीक पांढरी गोळी सकाळी अर्धी, संध्याकाळी अर्धी. आणि अंगावरची सूज उतरावी म्हणून सकाळी एक लघवीची गोळी. आत्याबाई या गोळ्या देवाच्या नेमासारख्या सांभाळत. पण मामांचं सगळं लक्ष हृदयाकडे नसून पोटाकडे होतं. सकाळी पोट साफ झालं तर त्यांचा दिवस सोन्याचा, नाही झालं तर घरातल्या भांड्याकुंड्यांनाही बोलणी बसायची. माझ्या माहेरी असल्या गोष्टींचा उच्चार कुणी करत नसे. इथं मात्र चहाबरोबर रोज तोच विषय.

त्यावर त्यांचा एकच उपाय, साल. कुठल्या झाडाची, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाजाराच्या दिवशी लिंबाखाली ताडपत्री अंथरून जडीबुटी विकणारे एक म्हातारे अत्तार बसत. हिरडा, बेहडा, सोनामुखी, मुरडशेंग अशा वस्तूंचे पत्र्याचे डबे त्यांच्यापुढे मांडलेले असत. त्यातल्या एका डब्यात ही साल. गुंडाळी झालेली, बाहेरून मळकट, आतून तपकिरी. सगळे तिला 'जुलाबाची साल' म्हणत. एकानं सांगितलं की निशोत्तराची मुळी आहे, दुसरा म्हणाला बहाव्याची साल आहे. अत्तारांना विचारलं तर ते नुसते हसायचे. नाव फुटलं की गिऱ्हाईक रानात जाऊन स्वतःच सोलून आणील, ही त्यांना भीती. दहा-बारा वर्षं ज्या वस्तूवर मामांची सकाळ अवलंबून होती, तिचं नाव माहीत नाही याचं त्या घरात कुणाला काही वाटत नव्हतं. मलाही वाटलं नाही.

या सालीचं आमच्या घरात एक गुपित होतं. हृदयाच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा जालन्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की यापुढे जुलाबाचं काहीही घ्यायचं नाही. माझ्या नवऱ्यानं तिथल्या तिथं वडिलांकडून कबूल करून घेतलं होतं. मामांनी मान डोलावली आणि घरी येऊन चौथ्या दिवशी साल मागितली. आत्याबाईंनी आधी नाही म्हटलं, मग आठवड्यातून दोनदा यावर तडजोड झाली. मुलाला कळू द्यायचं नाही, एवढीच अट. मी घरात आल्यावर महिन्याभरात मामांनी मला बोलावून सांगितलं, "त्याला बोलू नको बरं. तुला माझी आण हाय." मला तेव्हा गंमत वाटली. नव्या घरानं आपल्याला एका गुपितात घेतलं, म्हणजे आपण आता या घरच्या झालो, असंही वाटलं.

मग नणंदेचं बाळंतपण आलं. तिचं सासर कुंभार पिंपळगावला, म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. ती अवघडलेली, प्रवास झेपणार नाही, म्हणून आत्याबाईच तिकडे महिनाभरासाठी निघाल्या. निघताना अंगणात उभं राहून त्यांनी मला सगळं समजावलं. "गोळ्या चुकवायच्या न्हाईत. साल मधल्या बोटाच्या दोन पेरांएवढी घ्यायची. दोन पेले पाण्याचा एक पेला होईस्तोवर आटवायची, गाळून संध्याकाळी द्यायची. आठवड्यातून दोनदा. तिसऱ्यांदा मागतील, पाया पडतील, द्यायची न्हाई. डब्यातली सरली तर अत्ताराकडून आण." तेवढ्यात एसटी आली आणि त्या धावत गेल्या.

डब्यातली साल दुसऱ्याच आठवड्यात सरली. मामांनी दोन दिवस कळ काढली आणि बाजाराच्या दिवशी सकाळपासून मला खुणावायला लागले. मी शेजारच्या काकूंबरोबर पदर सावरत बाजारात गेले. नव्या सुनेनं जुलाबाची साल मागायची म्हणजे लाजेनं जीव जायची वेळ. मी मान खाली घालून एवढंच म्हणाले, "मामांची साल पाहिजे." अत्तारांनी ओळखलं. पुडी बांधता बांधता ते म्हणाले, "जुनी खतम झाली बाई. ही ताजी हाय, परवाच आली. एक साल ठेवून मंग द्या. बिलकुल जल्दी न्हाई करायची. जल्दी केली तर तकलीफ हुईल."

मी बरं म्हटलं आणि घाईनं निघाले.

आता इथं थांबून माझ्या माहेरची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे कुणाच्या हातचं औषध घरात आलं की त्यातला पहिला तुकडा देवापुढे ठेवायचा, हळद-कुंकू वाहायचं आणि मगच रोग्याला द्यायचं. पेरणीच्या बियाण्यातली पहिली मूठ अशीच ठेवत. त्यामुळे 'एक साल ठेवून मंग द्या' हे वाक्य माझ्या कानाला मुळीच वेगळं लागलं नाही. उलट अत्तार मुसलमान असून आपली रीत किती नीट जाणतात, याचं कौतुक वाटलं. आणि जल्दी करायची नाही म्हणजे मंद आचेवर आटवायची. आत्याबाईंनीही तसंच दाखवलं होतं.

घरी येऊन पुडी सोडली. सहा-सात साली होत्या. जुनी साल काटकन मोडायची, ही वाकत होती. आतून पिवळी जर्द होती आणि ओल्या लाकडासारखा वास येत होता. मला आनंदच झाला. भाजी ताजी बघून घेणारी मी, मला वाटलं सालही ताजी ती चांगली. एक साल देव्हाऱ्यात ठेवली, कुंकू लावलं, हात जोडले. दुसरीतून बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा काढला आणि अगदी हळूहळू आटवला. काढा नेहमीपेक्षा पिवळा झाला. मामांनी दिवेलागणीला एका दमात घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाले, "आजची कडक हाय."

उजाडता उजाडता मला ओकण्याचा आवाज आला. मामा अंगणात उकिडवे बसले होते. पोटात पीळ पडतो म्हणून दोन्ही हातांनी पोट आवळून धरलं होतं. मग परसाकडे, परत येतात तोच पुन्हा परसाकडे. सातव्या-आठव्या खेपेनंतर मी मोजणं सोडलं. शेवटी शेवटी नुसतं पाणी. त्यांना धरून आणताना त्यांचा दंड गार आणि ओला लागला. मला वाटलं, होतंय ते बरंच, साचलेलं निघतंय. हे मी स्वतःला बजावत होते, कारण खरं काय असेल त्या विचाराकडे जायची माझी हिंमत नव्हती.

आठ वाजले. गोळ्या चुकवायच्या नाहीत. मी लघवीची गोळी दिली, हृदयाची अर्धी दिली. दहा मिनिटांत त्यांना उलटी झाली. गोळी पडली की काय म्हणून मी ती उलटी निरखून पाहिली, काही कळेना, तेव्हा हृदयाची आणखी अर्धी दिली.  मी काही वाईट करत नव्हते. सांगितलेलं सगळं मनापासून करत होते. आणि जे जे मनापासून करत होते ते ते त्या माणसाला खड्ड्याकडे ढकलत होतं.

दहाच्या सुमाराला काकूंनी गावातल्या डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी पापणी ओढून पाहिली, पोट दाबलं, सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला टांगली. मग विचारलं, "काल काय खाल्लं?"

"वरण-भात. शेपूची भाजी," मी म्हणाले.

"आणि?"

मी मामांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटलेले होते, पण मान हलवली, अगदी थोडी. आण हाय, असं ती मान म्हणत होती.

"बाजारातलं काही? भजी-बिजी?"

"हां, भजी," मामा डोळे न उघडता म्हणाले. "भजी खाल्ली."

डॉक्टरांचं समाधान झालं. बाजारातल्या तेलावर ते दोन शब्द बोलले, पोटाच्या गोळ्या दिल्या आणि जाताना म्हणाले, "हृदयाची औषधं चालू ठेवा. ती बंद करायची नाहीत." मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. दारात त्यांनी पुन्हा विचारलं, "दुसरं काही घेतलं नाही ना?" मी म्हणाले, "नाही."

मी सभ्य शब्दांत सांगू शकते की सासऱ्यांना दिलेला शब्द मी पाळत होते. ते अर्धंच खरं आहे. खरी भीती वेगळी होती. साल मीच आणली, मीच उकळली, मीच दिली. बोलले तर नवऱ्याला कळेल, आत्याबाईंना कळेल, गावात पंधरवडाभर हाच विषय होईल, आणि तीन महिन्यांची सून म्हणून माझं जे काय होईल ते होईल. मी माझीच कातडी वाचवत होते. म्हातारा माणूस डोळ्यांसमोर सुकत चालला होता आणि मी बाजारातल्या भज्यांवर बिल फाडून मोकळी झाले होते.

दुपारभर मी त्यांच्या उशाशी बसून राहिले. जुलाब कमी झाले, ओकाऱ्या थांबेनात. पोटरीत गोळे यायला लागले. मी तेल लावून पाय चोळत होते आणि सारखा त्यांचा श्वास बघत होते. छाती वर गेली की बरं वाटायचं, खाली आली की पुन्हा वर येते की नाही याची धाकधूक. काकू येऊन जाऊन होत्या. त्या समोर आल्या की वाटायचं आता सांगावं, त्या गेल्या की वाटायचं बरं झालं नाही सांगितलं. 

पाच वाजता मी अर्धी गोळी तळहातावर घेतली. "मामा, गोळी."

त्यांनी डोळे उघडले आणि समोर बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ही भिंत पिवळी कधी रंगविली?"

आमची भिंत निळी होती. आमच्या लग्नासाठी नीळ घालून चुना दिला होता, मी आले तेव्हापासून ती निळीच होती. मी मागे वळून पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "तू बी पिवळी दिसून राह्यली." मी त्यांची नाडी धरली. मला नाडीतलं काही कळत नव्हतं, पण ठोके पडतात एवढं कळत होतं. दोन ठोके पडले आणि मग काहीच नाही. मी श्वास रोखून वाट पाहिली. मग एक पडला. पुन्हा थांबला.

तेव्हा माझं सगळं सुटलं. आण, लाज, सासर, सगळं. काकूंना हाक मारून मामांपाशी बसवलं, देव्हाऱ्यातली साल उचलली आणि डोक्यावर पदर नाही, पायांत चप्पल नाही, अशी मी दवाखान्यापर्यंत पळत गेले. लोक ओट्यांवरून बघत होते. डॉक्टर कुणाला तरी तपासत होते. मी ती कुंकू लावलेली साल त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मी खोटं बोलले. त्यांना ही दिली. काल संध्याकाळी."

त्यांनी साल वाकवली. ती वाकली. आतला पिवळा भाग नखानं खरवडून पाहिला. "ही तर ताजी आहे. कुणी दिली? देताना काही सांगितलं का?"

"एक साल ठेवून मग द्या, म्हणाले. मी ठेवली. हीच ती."

 डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, एक साल म्हंजे एक वरीस! वर्षभर वाळवून ठेवायची आणि मग द्यायची, असं सांगितलं त्यांनी तुला. ताजी असली की आतडी पिळून काढते ती!"

ते खुर्चीतून उठतच बोलत होते.  यंदाच्या साली पाऊस कसा, गेल्या साली कापूस कसा, हे मी जन्मापासून ऐकत आले होते. साल म्हणजे वर्ष हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण हातात झाडाची साल असताना मला दुसरी साल सुचलीच नाही.

"हृदयाची गोळी दिली का आता?" त्यांनी पिशवी उचलत विचारलं.

मी मूठ उघडली. घामानं ती अर्धी गोळी तळहाताला चिकटली होती.

"वाचलात," ते म्हणाले.

त्यांनी जीप मिळवली, सलाईनची बाटली हातात उंच धरून स्वतः बरोबर आले. रस्त्यात त्यांनी मला समजावलं, की जुलाबातून आणि लघवीच्या गोळीतून अंगातले क्षार निघून जातात, पोटॅशियम निघून जातं, आणि ते कमी झालं की हृदयाची तीच गोळी विषासारखी वागायला लागते. डोळ्यांना पिवळं दिसतं ते त्यामुळेच. "आणि तुमचे सासरे तर ही साल वर्षानुवर्षं घेतात म्हणता. म्हणजे आधीच निम्मी टाकी रिकामी. कालची नुसती शेवटची." मला निम्मं कळलं, निम्मं नाही. मी मामांच्या मनगटावरून बोटं काढली नाहीत. जालना येईपर्यंत मी ठोके मोजत होते, आणि एखादा पडला नाही की माझाच जीव जात होता.

जालन्याच्या दवाखान्यात ते तीन दिवस फार वाईट होते, मग सुधारले. आमचे डॉक्टर तिथल्यांना सालीचं तेवढं सांगून परतले, त्यानंतर नवरा गोदामातून थेट आला. पहिल्या दिवशी त्याला काही विचारायचं भान नव्हतं. मामा उठून बसायला लागले तेव्हा त्यानं विचारलं, "हे झालं कशानं? डॉक्टर साल म्हणतात. साल कुठून आली?" मी कॉटच्या पायाशी लिंबू-पाण्याचा पेला घेऊन उभी होते. आता सांगायचं, असं म्हणून मी तोंड उघडलं.

"मीच घेतली," मामा म्हणाले. "चोरून. हिला काय बी ठावं न्हाई. ही झोपली व्हती."

नवरा भडकला. भर वॉर्डात तो बापाला टाकून बोलला, शब्द दिला होता त्याचं काय, म्हणून ओरडला. बाकीचे रोगी माना वर करून बघायला लागले. मामा खाली मान घालून ऐकत होते. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं, बोलू नको अशा नजरेनं. आणि मी बोलले नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी लपवणार नाही. लाज नंतर आली, पण ती आली ती गेलीच नाही.

पुढच्या बाजाराला मी एकटी अत्तारांकडे गेले आणि त्यांना तेवढं खरं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "मी तर बराबर सांगितलं व्हतं बाई," असं दोनदा पुटपुटले. मग त्यांनी डब्यातली सगळी ताजी साल काढून पोत्यात भरली आणि त्या दिवशी कुणाला दिली नाही. पुढं मी त्यांना गिऱ्हाइकांशी बोलताना ऐकलं, ते वर्षाला साल म्हणत नव्हते. बारा महिने, म्हणायचे. आणि बोटं मोजून दाखवायचे. विकण्याआधी ते हेही विचारायला लागले होते की घरात पोटुशी बाई, लहान पोर, हृदयाचा रोगी कुणी आहे का.

मामांची साल कायमची बंद झाली. ते दोन-तीन महिने फार कठीण गेले. इतक्या वर्षांत आतड्यांना तिच्याशिवाय हलायची सवयच उरली नव्हती. इसबगोल, कोमट पाणी, पपई, सकाळचं चालणं, सगळं करून कशीबशी गाडी रुळावर आली. गावात मात्र त्यांची फजिती कायमची झाली. 'चोरून जुलाब घेणारा म्हातारा' म्हणून पारावर त्यांची चेष्टा व्हायची. नातवंडं झाली, तीही हसायची. मामा स्वतः त्यांच्याबरोबर हसायचे. मी आतल्या खोलीत असले तर तिथंच थांबायची, बाहेर यायची नाही. आठ वर्षं ते जगले आणि निमोनियानं गेले. त्या आठ वर्षांत आम्ही दोघं त्या विषयावर एक अक्षर बोललो नाही.

आत्याबाई नंतर आमच्याकडे जालन्याला राहायला आल्या. दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल. दुपारची वेळ, मी भाजी निवडत होते, त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनाही आता रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या, त्यात लघवीची एक होती. त्या म्हणाल्या, "चार दिस झाले, पोट साफ न्हाई. बाजारात ती साल भेटते का बघ की."

 मी नाही म्हणाले, जरा जोरातच म्हणाले. त्यांनी चमकून पाहिलं. आणि मग इतक्या वर्षांचं सगळं माझ्या तोंडून भडाभडा बाहेर आलं. बाजार, पुडी, देव्हाऱ्यातली साल, काढा, दोनदा दिलेली गोळी, डॉक्टरांशी बोललेलं खोटं, वॉर्डात गिळलेला शब्द. मामांनी काही चोरलं नव्हतं, मी दिलं होतं, असं मी रडत रडत सांगितलं. त्या ऐकत होत्या. 

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या.

"कुणी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगायला पाहिजे? त्या मानसाला जलमभर स्टो पेटवता आला न्हाई. ते काय काढा करतेत?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आन जुन्या सालीचा दुसरा डबा कोठीमागं व्हता. दरसाली मी नवी आनून तिथं ठिवत व्हते आन जुनी काढत व्हते. जायच्या घाईत अत्ताराकडून आण म्हनले, त्या डब्याचं सांगायचंच ऱ्हाऊन गेल्तं. घरी येऊन बघितलं तर डबा भरलेला तसाच, आन समदं कळलं."

 सोळा वर्षं मी ज्या एका वाक्याला भीत होते, ते वाक्य त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी मला कधी टोमणा मारला नव्हता. भांडणातसुद्धा नाही. मी विचारलं, "मग तुम्ही बोलल्या का नाहीत कधी?"

त्यांनी माझ्यापुढचं भाजीचं ताट स्वतःकडे ओढलं आणि माझ्या हातून राहिलेल्या काड्या मोडायला लागल्या.

"बोलले असते," त्या म्हणाल्या, "तर तू पुन्यांदा त्या घरात कुनाला पानी बी द्यायला भ्याली असतीस."